आरटी की एफ३, आणि मागे कोण बसणार

तीन चाकांची मोटरसायकल घ्यायचीय म्हटलं की "कुठली?" असं कोणी विचारतच नाही, सगळे "का?" वरच अडकतात. दुचाकीवाल्यांना वाटतं याचे गुडघे गेले, गाडीवाल्यांना वाटतं याचं डोकं गेलं, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी फोटो नीट झूम करकरून बघितला आणि म्हणाल्या, "जावईबापू, ही तर उलटी रिक्षा झाली की!"

आता खरं सांगायचं तर त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. रिक्षाला पुढे एक मागे दोन, कॅन-अ‍ॅम स्पायडरला पुढे दोन मागे एक, आणि सगळी गंमत तिथेच आहे. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला पळतं, रिक्षाला नेमकं त्या कोपऱ्यात चाकच नसतं म्हणून ती कलते आणि आपण शेजारच्याच्या मांडीवर जाऊन पडतो, स्पायडरला त्याच कोपऱ्यात चाक असतं. कॅनडात क्युबेकमधल्या व्हॅल्कूर गावची बीआरपी ही कंपनी स्पायडर बनवते. त्याच गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिएने १९५९ साली स्की-डू बाजारात आणली, बर्फावर पळणारी, पुढे दोन स्की आणि मागे एक पट्टा. २००७ मध्ये आलेली स्पायडर बघितली की मला आपलं वाटतं यांनी स्की काढून चाकं लावली आणि उन्हाळ्यात विकायला काहीतरी केलं. असो. बुद्धी चालली हे महत्त्वाचं.

आम्ही राहतो सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि कॅलिफोर्नियाचा कायदा या बाबतीत फारच प्रेमळ आहे, तीन चाकी मोटरसायकल साध्या क्लास सी म्हणजे कारच्याच लायसन्सवर चालते, वेगळं मोटरसायकलचं लायसन्स लागत नाही. हेल्मेट मात्र लागतं. म्हणजे आमच्या घरात ज्याच्याकडे कारची चावी आहे तो प्रत्येक जण कायद्याने ही गाडी चालवायला पात्र आहे, हे वाक्य मी घरी जेवताना मोठ्या उत्साहाने बोललो होतो.

तर कुठली? स्पोर्टी की टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची? सुरुवातीला स्पायडर फक्त स्पोर्टी होती, रोटॅक्स कंपनीचं ९९८ सीसीचं दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन, १०६ हॉर्सपॉवर, तिलाच पुढे आरएस म्हणायला लागले. मग २०१० ला टूरिंगवाली आरटी आली, पेट्या, मोठी काच, मागच्यासाठी ऐसपैस सीट, सगळं जामानिम्यासकट. मधल्या काळात एसटी म्हणून एक आली, ना धड ही ना धड ती, बिचारी तीन-चार वर्षांत गेली. आता आरएसही बंद झाली आणि स्पोर्टी म्हणजे एफ३. आणि इथे एक गोष्ट कळली की अर्धा वाद संपतो, एफ३-एस आणि आरटी दोघींच्या पोटात इंजिन तेच आहे, १३३० सीसी, तीन सिलिंडर, ११५ हॉर्सपॉवर. मग स्पोर्टी काय आहे? तर बसणं. पेट्या नसणं. काच बुटकी असणं. पन्नास-साठ किलो कमी असणं, तेही चारशे किलोच्या हिशोबात. म्हणजे स्पोर्ट हा इंजिनात नाहीये, तो आपल्या पाठीच्या कण्यात आहे, आणि माझा कणा आता पन्नाशीचा आहे.

तरी एफ३-एस चालवून बघितलीच. बसलात की चावी फिरवल्यावर गाडी आधी सेफ्टी कार्ड वाचा म्हणते, वाचलं असं एक बटण दाबून कबूल केल्याशिवाय पुढे काही होत नाही, बँकेत केवायसी केल्यासारखं. क्लच नाही. गिअर डाव्या हाताच्या अंगठ्याने वर आणि तर्जनीने खाली, आणि वेग कमी झाला की खाली ती स्वतःच येते. रिव्हर्स आहे, चारशे किलोचं धूड ढकलत मागे घ्यायची वेळ येत नाही हे फार बरं. आणि ब्रेक! उजव्या हाताची बोटं सारखी पुढे जातात आणि तिथे काहीही नसतं, नुसती हवा. एकच ब्रेक, उजव्या पायाशी, तोच तिन्ही चाकांना लागतो. आयुष्यभर स्प्लेंडर चालवलेला माणूस सिग्नलला हवेत चिमटे काढताना दिसला तर समजायचं डेमो राइड चालू आहे.

दुसरी गंमत हँडलची. दुचाकी वेगात असली की उजवीकडे वळायला आपण नकळत उजवं हँडल पुढे ढकलतो आणि गाडी उजवीकडे झुकते, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं पण अंगात मुरलेलं असतं. स्पायडर झुकतच नाही. तिला कारसारखं वळवायचं, उजवीकडे जायचं तर हँडल उजवीकडे. पहिल्या वळणाला तुमचं अंग एक सांगतं आणि गाडी दुसरं करते, आणि मग कळतं की झुकायचं काम आता गाडीचं नाही, तुमचं आहे. वळण आलं की ती तुम्हाला बाहेर फेकते, गुडघ्यांनी टाकीला धरा, बाहेरच्या पायावर जोर द्या, छाती आत न्या. स्कायलाइन बुलेवार्ड म्हणजे हायवे ३५, तिथे रेडवूडच्या झाडांमधून एकामागे एक वळणं आहेत, ती घेत घेत वुडसाइडच्या वरच्या चौकात, जिथे हायवे ८४ येऊन मिळतो, तिथल्या हॉटेलसमोर रविवारी शंभरेक मोटरसायकली उभ्या असतात, तिथे पोचेपर्यंत माझे दंड आणि मांड्या भरून आल्या होत्या आणि मी प्रचंड खुश होतो. वळणात जरा जास्तच जोरात शिरलं तर आतलं चाक उचलतंय हे गाडीला आधी कळतं आणि ती स्वतः पॉवर कापते, हव्या त्या चाकाला ब्रेक लावते. खऱ्या स्पोर्टवाल्यांना याचा राग येतो, म्हणतात आया नेमली आहे. मला नाही आला. मला आया हवीच आहे.

त्या चौकात दुचाकीवाले एक नजर टाकतात, तिसऱ्या चाकावर जाऊन थांबते ती. एका पांढऱ्या दाढीच्या हार्लेवाल्याने मात्र जवळ येऊन नीट चौकशी केली, हार्लेचीही ट्राय ग्लाइड आहे ना २००९ च्या मॉडेलपासून, पण तिला दोन चाकं मागे, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत ती सुलटी रिक्षा.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते म्हणून सांगतो. दुचाकीवर खड्डा दिसला की आपण बाजूने काढतो, एकच रेघ असते. कारमध्ये खड्डा मधून काढतो, दोन रेघा असतात. स्पायडरला तीन रेघा आहेत. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी अगदी अलगद, कौतुकाने निघून जातात, आणि मग मागचं चाक बरोब्बर त्यात जातं, आणि मागच्या चाकावर कोण असतं तर मागे बसलेलं माणूस. शिवाय लेनच्या मधोमध जी काळपट तेलकट पट्टी असते, सगळ्या गाड्यांचं ठिबकलेलं ऑइल, त्याच्यावरूनच मागचं चाक कायम जाणार, आणि पाच-सहा महिने कोरडे गेल्यावर आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस पडतो तेव्हा ती पट्टी साबणासारखी होते. म्हणून लेनमध्ये जरा बाजूला सरकून चालवायची. आणि हो, लेन स्प्लिटिंग, म्हणजे गाड्यांच्या दोन रांगांमधून पुढे निघणं, कॅलिफोर्नियात दुचाकींना कायदेशीर आहे म्हणून हुरळून जाऊ नका, ही तीन चाकी आहे आणि दीड मीटर रुंद आहे, हायवे १०१ वर ट्रॅफिकमध्ये सगळ्यांसारखं उभं राहायचं, फक्त उन्हात.

आरटीवर बसलो तेव्हा पहिल्यांदा हे मागच्या माणसाचं प्रकरण माझ्या डोक्यात शिरलं. एफ३-एसवर मागे जी सीट आहे ती सीट आहे असं कायद्याने म्हणता येतं. आरटी लिमिटेडवर मागे पाठीला टेकायला आहे, हात ठेवायला आहे, मागच्याच्या पकडीलाही वेगळं हीटर आहे. काच बटणाने वरखाली होते. मागचं सस्पेन्शन हवेचं आहे, त्यामुळे ते खड्ड्याचं प्रकरणही बरंच सुसह्य होतं. पुढे नाकात डिकी, बाजूला दोन पेट्या, मागे टॉप केस, सगळं मिळून १७७ लिटर, म्हणजे दोघांचे कपडे, थर्मास, आणि वाटेत इंडियन ग्रोसरी दिसली तर चितळ्यांच्या बाकरवडीलाही जागा उरते. हाफ मून बेला जुलैत उतरलात तर सॅन होजेला अंगाची लाही होत असते आणि इथे समुद्रावरून धुकं येऊन दात वाजतात, तेव्हा ते हीटर चैन वाटत नाहीत, गरज वाटतात. बिग सरला बिक्सबी ब्रिजपाशी (१९३२ चा पूल, अजूनही काय ऐटीत उभा आहे!) थांबायचं आणि सावकाश पुढे जायचं, हे आरटीचं काम. वळणात ती डगमगते का, तर नाही, पण घाई केलेली तिला आवडत नाही एवढं नक्की.

मध्यम मार्ग म्हणून एफ३-टी आणि एफ३ लिमिटेड आहेत, एफ३ लाच पेट्या लावलेल्या. सगळे सल्लागार हाच सल्ला देतात आणि म्हणूनच मला तो पटत नाही. आम्ही पुणेकर मिसळ मागवली की मिसळच खातो, त्यात इडली बुडवून हे पण आणि ते पण असं करत नाही. माझं म्हणणं साधं आहे, मागे कायम कोणी बसणार असेल तर आरटी, आणि मागे कोणी बसणार नसेल तर उगाच १७७ लिटर हवा घेऊन डोंगर चढू नका. निवड चालवणाऱ्याने करायचीच नाहीये, मागे बसणाऱ्याने करायचीय.

तर मी अगदी उदारपणे आरटीवर आलो. मनात सगळं ठरलं, ही मागे निवांत टेकून बसलीय, मी सावकाश चालवतोय, हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर जुनी गाणी. मला वाटत होतं मी त्याग करतोय, तिच्यासाठी स्पोर्टी सोडली वगैरे. म्हणून तिला शोरूमला घेऊन गेलो की बाई बसून बघ, पाठीला नीट टेकतंय का. बसली. टेकली. "छान आहे," म्हणाली, ज्या आवाजात ती नवीन सोफ्याला म्हणते.

आणि मग कोपऱ्यात गेली. तिथे रायकर होती.

रायकर म्हणजे या घराण्यातली धाकटी, २०१८ मध्ये आणली, बुटकी, जमिनीलगत, वजन २७०-२८० किलो, ६०० किंवा ९०० चं इंजिन. गिअर नाहीतच, सीव्हीटी आहे. हँडल आणि पायाच्या जागा हत्याराशिवाय मागेपुढे करता येतात, पाच फुटी माणसालाही बसते आणि सहा फुटीलाही. बाहेरची पॅनेल काढून दुसऱ्या रंगाची लावता येतात. विकणाऱ्या मुलाने तिला सीव्हीटी समजावून सांगायला सुरुवात केली, बेल्ट असतो, पुली असतात, त्या आपोआप लहानमोठ्या होतात, तर हिने त्याला मध्येच थांबवलं, "आय नो, आय हॅड अ कायनेटिक होंडा." त्याला काय कळणार. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि पुण्यातल्या मुलींच्या एका अख्ख्या पिढीला बटण दाबून स्टार्ट आणि नुसती मूठ पिळून पळणारी गाडी मिळाली, गिअर नाही, किक मारायला कोणाला बोलवायला नको. ही कॉलेजला तीच घेऊन जायची, लाल रंगाची, कोथरूडहून एफसी रोड, आणि तिच्या म्हणण्यानुसार त्या रस्त्यावर तिला कोणी ओव्हरटेक केलेलं नाही. साडीवर, पंजाबी ड्रेसवर, पावसात. मला हे सगळं माहिती होतं, फक्त गेली पंचवीस वर्षं ती माझ्या शेजारच्या सीटवर बसते त्यामुळे लक्षातून गेलं होतं.

डेमोला गेली ती बराच वेळ आलीच नाही. विकणारा मुलगा घड्याळ बघायला लागला, मी त्याला कॅलिफोर्नियाच्या क्लास सी लायसन्सबद्दल सांगत बसलो, जे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होतं. आली तेव्हा हेल्मेट काढलं, केस सगळे चप्प बसलेले, आणि पहिलं वाक्य, "वळणात आपणच झुकायचं असतं रे, मजा येते!" मी म्हटलं हो, मला माहितीय. मग मी धीर करून विचारलं, "पण हिच्यावर मागची सीटच नाहीये." खरंच नसते, साधी रायकर एकाच माणसाची येते, मागे कोणाला बसवायचं तर वेगळा माउंट आणि सीट विकत घेऊन लावावी लागते.

"मग?" ती म्हणाली.

घरी येऊन हिशोब मांडला. रायकर आली तेव्हा ६०० ची किंमत ८,४९९ डॉलरपासून होती, आता वाढलीय, पण एक आरटी लिमिटेड सोडली तर दोन रायकर येऊन वर जॅकेट-हेल्मेटचे पैसे सुटू शकतात, असं तिचं म्हणणं आहे आणि आकडे तिच्याच बाजूने आहेत. गराजमध्ये दोन बसणार नाहीत असं मी म्हटलं तर तिने तिथले दिवाळीच्या आकाशकंदिलांचे आणि मुलांच्या जुन्या पुस्तकांचे खोके मोजून दाखवले. बॅग कुठे ठेवायची, थर्मास कुठे, बाकरवडी कुठे, हे प्रश्न मी एकेक करून मांडले. तर म्हणाली पाठीला सॅक लाव. सासूबाईंना फोन करून मी आशेने सांगितलं की तुमची लेक उलटी रिक्षा चालवायची म्हणतेय, त्यांनी फक्त विचारलं, "लाल मिळते का त्यात?"

मिळते. तिने शनिवारची वेळही घेऊन टाकलीय, आणि मला तेवढ्यात ९०० घ्यायची की ६०० ते ठरवायला सांगितलंय, माझ्यासाठी.