शेअर्ड होस्टिंगवर सभासदांची माहिती ठेवण्याआधी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची सभासद नोंदणी ऑनलाइन करायची होती. बजेट बेताचं, म्हणजे शेअर्ड होस्टिंगच, एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. पण फॉर्ममध्ये लोकांचे पत्ते आणि मोबाईल नंबर येणार होते. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाला ते वाचता येतात का, हे तपासल्याशिवाय साइट चालू करायची नाही, असं मी कार्यकारिणीला सांगितलं.

दुसऱ्याच्या फाईलला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याच सर्व्हरवर स्वतःच्या नावाने वेगळं खातं घेतलं. त्यात पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली चार ओळींची स्क्रिप्ट टाकली, वाचनालयाच्या कॉन्फिग फाईलचा, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या फाईलचा, पूर्ण पाथ दिला आणि ब्राउझरमध्ये उघडली. डेटाबेसचा युजर, पासवर्ड, सगळं स्क्रीनवर!

फाईलची परमिशन ६४४ होती, म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही वाचता येईल अशी. ती ६०० केली, म्हणजे फक्त मालक खात्याला वाचता येईल अशी, तर साइटच बंद पडली. खरी गोम इथेच होती. सगळ्या खात्यांचं पीएचपी अपाचेच्या, म्हणजे साइट दाखवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या, एकाच युजरखाली चालत होतं. त्याला फाईल वाचू द्यावी, तर शेजारच्या साइटचा कोडही ती वाचणार. न द्यावी, तर आपलीच साइट चालणार नाही. पीएचपीत यासाठी पूर्वी सेफ मोड होता, तो ५.४ आवृत्तीत, २०१२ साली, काढून टाकला. ते योग्यच झालं, कारण खाती वेगळी ठेवणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आहे.

सपोर्टचं पहिलं उत्तर आलं, ‘एसएसएल आहे ना, मग साइट सुरक्षित आहे.’ एसएसएल वाटेतली माहिती सांभाळतं, सर्व्हरवर पडलेली फाईल नाही. स्क्रिप्ट आणि तिचं आउटपुट पाठवलं, तेव्हा कुठे तांत्रिक माणसाशी गाठ पडली. त्याने प्रत्येक खात्याला स्वतंत्र पीएचपी-एफपीएम पूल असलेल्या, म्हणजे प्रत्येकाचं पीएचपी त्याच्याच युजरखाली चालवणाऱ्या, सर्व्हरवर साइट हलवली. तिथे ६०० ठेवूनही साइट चालली. चाचणीचं खातंही तिथे हलवून घेतलं होतं. आता त्या स्क्रिप्टला ‘परमिशन डिनाइड’ मिळालं. डेटाबेसचा पासवर्ड लगेच बदलला.

तरी एक जागा उघडी होती आणि ती सहसा कुणी बघत नाही. सेशनच्या, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची तात्पुरती नोंद ठेवणाऱ्या, फाईली सगळ्यांच्या सामायिक टेम्प फोल्डरमध्ये पडत होत्या. आतला मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसला, तरी फाईलच्या नावातच सेशन आयडी, म्हणजे त्या लॉगिनची ओळखखूण, असतो. फोल्डरची यादी दिसली की ग्रंथपालांचं लॉगिन कुणालाही वापरता येईल. सेशनसाठी पब्लिक फोल्डरच्या बाहेर ७०० परमिशनचं, फक्त आपल्याच खात्याला उघडता येईल असं, वेगळं फोल्डर केलं.

ओळखपत्रांच्या प्रती मात्र अपलोड करून घेतच नाही. सभासद वाचनालयात येऊन मूळ ओळखपत्र दाखवतात.