उरलेल्या गुंड्यांचं दुपटं

विणणाऱ्यांच्या घरी लोकर उरते ती धास्तीमुळे. लोकर घाण्याघाण्यानं रंगवतात, आणि एका घाण्यातला निळा दुसऱ्या घाण्यातल्या निळ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून तर गुंड्याच्या लेबलावर लॉटचा नंबर छापतात. बाही कोपरापर्यंत आली, लोकर संपली आणि त्या लॉटचा गुंडा कुठेच मिळेना, की पुढचा अर्धा हात वेगळ्या छटेचा. ही भीती इतकी अंगात मुरते की एक गुंडा जास्तीचा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. स्वेटर होतात, आखूड होतात, कुणाकुणाला जातात. जास्तीचे गुंडे तेवढे पिशवीत साचत राहतात.

त्या पिशवीचं सार्थक करायचं तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखं काही नाही. ना गळा, ना मुंढे, ना बाह्या. मीटरभराच्या आत चौकोन झाला की पुरे. चार बोटं इकडेतिकडे झाली म्हणून कुणी टेप घेऊन येत नाही. वीण सगळी सुलट. एक ओळ सुलट, एक उलट अशी घातली तर पोत गुळगुळीत येतो खरा, पण कडा वळायला लागतात आणि दुपट्याची सुरळी होते. प्रत्येक ओळ सुलटच विणली की कापड सपाट राहतं, उबदार होतं. जाळीची नक्षी मला आवडते, पण ती माझ्या शालीवर. बाळाची बोटं भोक दिसलं की त्यात अडकणारच.

खरी गंमत आहे ती तिरकं विणण्यात. सुईवर तीन टाके घालायचे आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं. सुलट विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. दोन ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका वाढला, की कोपऱ्यात आपसूक काटकोन होतो. बाजू हवी तेवढी लांब झाली की त्याच हिशेबानं टाके घटवत पुन्हा तीनावर यायचं. चौकोन तयार.

आणि इथे ती जुनी धास्ती एका तराजूनं मिटते. वाढीच्या त्रिकोणाला जेवढी लोकर लागते तेवढीच घटीच्या त्रिकोणाला. सगळे गुंडे मिळून ४०० ग्रॅम भरले, तर १९० ग्रॅम संपेपर्यंत वाढवायचं, मग घटवायला लागायचं. वरचे २० ग्रॅम हाताशी. पुरेल का, हा प्रश्नच उरत नाही. आहे त्या लोकरीत बसेल तेवढंच दुपटं होतं. जाड लोकरीच्या जोडीला बारीक असेल तर बारकीचे दोन धागे एकत्र धरायचे, म्हणजे पट्टे साधारण सारख्या जाडीचे येतात.

कुठला रंग कुठे जाणार हेसुद्धा आवडीनं ठरत नाही, वजनानं ठरतं. १० ग्रॅमच्या गुंडुळीत कोपरा पंजाएवढा होतो. तीच गुंडुळी मधल्या लांबलचक ओळींना पाच-सहा फेऱ्यांत संपते. त्रिकोणाची उंची दुप्पट करायला लोकर चौपट लागते, त्याचा हा प्रताप. म्हणून चिल्लर कोपऱ्यांना, भरलेले गुंडे मध्यावर. एरवी कुणी अंगावर घालणार नाही असा मोहरीसारखा पिवळा मग दोन राखाडी पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो आणि चक्क खुलतो. मुलाला निळा, मुलीला गुलाबी हा घोळ तर पिशवीच मोडीत काढते.

रंग नेहमी एकाच बाजूनं बदलायचा. त्या बाजूला रेघ स्वच्छ येते. मागे दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांत घुसलेले दिसतात, आधीच्या ओळीचे टाके नव्या रंगातून डोकं वर काढतात तसे. मला ती मागची बाजूच जास्त आवडते. मात्र प्रत्येक पट्ट्याला दोन शेपट्या लोंबतात, आणि त्या शेवटी ओवू म्हणून ठेवल्या तर दुपटं पुरं होऊनही महिनाभर पडून राहतं. बोथट सुईनं शेपटी विणीच्या उंचवट्यातून थोडी पुढे न्यायची, तिथून उलट फिरवायची. गाठ मारू नये. ती बाळाला टोचते आणि कधीतरी सुटतेही.

निवड करायची ती एकाच बाबतीत, धुण्याच्या. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की तिचे तंतू एकमेकांत रुततात आणि पट्टा आटतो. शेजारचा ॲक्रिलिकचा पट्टा होता तेवढाच राहतो, मधे चुण्या पडतात. म्हणून सगळं एका जातीचं घ्यावं, मशीनमध्ये चालेल असं. लाल किंवा गडद निळा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते आधीच पाहावं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी सुटी पांघरुणं ठेवू नयेत. देताना मी हे सांगतेच. दुपटं मांडीवर घ्यायला, बाबागाडीत पायांवर टाकायला, जमिनीवर पसरून बाळाला पालथं घालायला. त्यावर दूध सांडावं, ते फरफटत न्यावं, आठवड्याला धुवावं. 'इतकं छान आहे, जपून ठेवलंय' असं कौतुकानं सांगणाऱ्या आईला मात्र दुसऱ्या बाळाच्या वेळी मी टोपडं देते.