सत्काराच्या यादीतले शेवटचे नाव

"साहेब, शाल राहू द्या, हात फक्कीचे आहेत," असे म्हणत मैदानावरचे मामा व्यासपीठाच्या पायरीवरच थांबले. आमच्या महाविद्यालयात आज माजी खेळाडूंचा सत्कार होता आणि मामांचे नाव सर्वांत शेवटी पुकारले गेले, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

त्यांच्या नखांच्या कडांना अजून पांढरी रेघ होती, कारण पहाटेच त्यांनी धावपट्टीच्या आठही मार्गिका आखल्या होत्या. मानचिन्हे घेऊन लवकर निघून गेलेले आम्ही बहुतेक जण त्यांनी आखलेल्या रेघांमध्येच धावायला शिकलो.

मला राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर आठवले. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि त्यांच्या या विद्यार्थ्याने कुस्तीत कांस्यपदक, म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मिळवले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मात्र मरणोत्तर.

मामांना पुढच्या वर्षी निवृत्ती आहे. त्या सोहळ्यात पहिले नाव त्यांचे का पुकारू नये?