चार मार्कांनी हुकलं

'जनुकीय' हा शब्द कानावर पडला आणि मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो लेकीबद्दल. ते म्हणाले, ईजीएफआर जनुकातला हा बदल गाठीच्या पेशींत झालाय, आईकडून मुलीकडे जाणारा नाही. जन्मात सिगारेट न ओढताही फुप्फुसाचा कॅन्सर कसा झाला, हे कोडं मात्र त्या बदलाने थोडं सुटलं.

ईजीएफआरची वाट अडवणाऱ्या गोळीवर, रोज 80 मिलिग्रॅम ऑसिमर्टिनिबवर, पावणेदोन वर्षं निभावली. नखांच्या कडा सुजायच्या, कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं, बाकी ठीक. मग गाठ वाढली. पुन्हा बायोप्सी. या खेपेला एमईटी नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या. डॉक्टर अस्सल पुणेरी. म्हणाले, "कर्वे रस्ता बंद केला म्हणून दुचाकीवाले डेक्कनला पोचायचे राहतात का? गल्लीबोळ शोधतातच." तेव्हा जुनी गोळी चालू ठेवून जोडीला एमईटी अडवणारी दुसरी द्यायची. ही जोडी नेहमीच्या केमोपेक्षा सरस आहे का, याची चाचणी चालू होती.

संमतीपत्र मराठीत, पण कसलं मराठी! 'यादृच्छिक'पाशी हे अडले ते अडलेच. अर्थ इतकाच, की कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवणार. कधीही बाहेर पडता येतं आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, हे दोनदा वाचून मी सही केली. ईसीजी, टूडी एको, मेंदूचा एमआरआय झाला. दोन गोळ्यांच्या वेळासुद्धा मनात ठरवून टाकल्या होत्या. फोन आला: केमो.

रडले. समन्वयक मुलगी म्हणाली, "काकू, तुलनेला दुसरा गट नको का?" तिचा रागच आला. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला हे सांगायचं!

पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाच्या आठवडाभर आधी फॉलिक ॲसिड आणि बी-12 चं इंजेक्शन सुरू झालं. मग दर तीन आठवड्यांनी वनाजहून मेट्रो, रक्ततपासणी, सलाईन. उलटी झाली की आधी डायरीत वेळ लिहायची, मग तोंड धुवायचं.

पहिल्या स्कॅनला 42 मिलिमीटरची गाठ 31 वर आली. हे श्रीखंड आणायला निघालेसुद्धा. अहवालात मात्र 'स्थिर'. किमान 30 टक्के घटली तरच त्याला 'प्रतिसाद' म्हणतात, माझी 26 भरली. मी पेपर तपासत असते तर चार मार्क ग्रेस देऊन टाकले असते.