फर्किन, बर्नी आणि तीन दिवसांचं पिंप

शनिवार, रात्री

साखळी पब म्हटलं की ब्रिटनमधले दर्दी नाक मुरडतात. सगळीकडे एकच पाटी, एकच मेनू, एकच गालिचा. मला हे पटत नाही. जुन्या साखळ्यांमध्ये काही अशा होत्या की त्यांच्यामागे कोणीतरी बसून बारीक हिशेब केलेला होता: किती खपेल, किती उरेल, कशाला किती वेळ लागेल. तो हिशेब टेबलावरच्या ताटाचा किंवा तळघरातल्या पिंपाचा असेपर्यंत पब चांगला चालला. तो इमारतीच्या भाड्याचा झाला आणि चव गेली. बर्नी आणि फर्किन या दोन साखळ्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

आधी बर्नी इन. फ्रँक आणि अल्डो बर्नी हे मूळचे इटलीतले भाऊ, वेल्समधल्या इटालियन कॅफेच्या परंपरेतले. १९५५मध्ये ब्रिस्टलच्या ‘द रमर’ या जुन्या पबात त्यांनी स्टेकहाऊस काढलं. वेळ अचूक होती. मांसावरचं रेशनिंग जुलै १९५४मध्ये उठलं होतं. १९४०पासून चौदा वर्षं मोजून-मापून मांस खाल्लेल्या लोकांसमोर त्यांनी पूर्ण स्टेक ठेवला. सोबत चिप्स, मटार, पाव-लोणी आणि शेवटी चीज किंवा आइस्क्रीम. सगळं मिळून साडेसात शिलिंग. बाहेर जेवायचं म्हणजे फ्रेंच नावांचा मेनू आणि वेटरची नजर, या धास्तीने जे लोक हॉटेलात पाऊलच टाकत नव्हते ते इथे सहकुटुंब आले.

हे परवडलं कसं, तर छोट्या मेनूमुळे. स्टेक ठरलेल्या वजनाचे कापून आले की ग्रिलवर काही मिनिटांचं काम. चिप्स तळायच्या, मटार उकळायचे. तासन्‌तास रटरटणारं भांडं नाही, त्यामुळे रात्री उरलेलं फेकायचं नाही. मुरलेला आचारी नसला तरी चालतं, आठवड्याभरात शिकवलेला माणूस तेच ताट तसंच काढतो. ज्याला लोक ‘साचेबद्ध’ म्हणून हिणवतात तो साचाच त्या साडेसात शिलिंगांचा आधार होता.

त्या काळाच्या जेवणाची सुरुवात प्रॉन कॉकटेलने आणि शेवट ब्लॅक फॉरेस्ट गाटोने. दोन्हीची पुढे टिंगल झाली, पण नीट केलेलं प्रॉन कॉकटेल आजही उत्तम लागतं. बिघडतं ते कोळंबीच्या पाण्यामुळे. गोठवलेली कोळंबी घाईने कोमट पाण्यात सोडली की ती पाणी धरून ठेवते, आणि सॉसमध्ये घातल्यावर दहा मिनिटांत सगळं सोडते. मग काचेच्या पेल्याच्या तळाशी गुलाबी पाणी आणि वर चोथा. कोळंबी चाळणीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यावी, कोरड्या फडक्यावर टिपावी आणि सॉस वाढायच्या क्षणीच घालावा. चार जणांना मेयोनीज सहा मोठे चमचे, टोमॅटो केचप दोन, लिंबाचा रस दोन छोटे चमचे, वूस्टर सॉसचे चार-पाच थेंब, वरून लाल तिखट चिमूटभर. लेट्यूस अगदी बारीक चिरून तळाशी, आणि तोही कोरडा. गाटोचंही तसंच. गोठलेला केक उबेला ठेवला की कडेची क्रीम वितळते आणि मधला भाग बर्फच राहतो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवण्याला पर्याय नाही.

१९७०मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटनने ही साखळी विकत घेतली. पुढे ती व्हिटब्रेड या मोठ्या ब्रुअरी-कंपनीकडे गेली आणि बर्नीचे पब एकेक करून बीफईटर झाले. बीफईटर ही व्हिटब्रेडची १९७४ची साखळी, तीही मुळात बर्नीचाच धडा गिरवून उभी राहिलेली. बीफईटर वाईट होतं असं नाही. पण ब्रिस्टलच्या एका जुन्या पबातून निघालेली कल्पना तोवर मालमत्तेच्या यादीतली एक ओळ झाली होती.

रविवार, सकाळी

आज बिअर. आधी मापं, कारण आपल्याकडे बारमध्ये ‘पाइंट’ म्हटलं की ३३० मिलीची बाटली येते. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा. नऊ गॅलनच्या पिंपाला फर्किन म्हणतात, त्यात ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. दोन फर्किन म्हणजे एक किल्डरकिन, चार म्हणजे एक बॅरल.

पिंपातली पारंपरिक एल ही जिवंत बिअर असते. यीस्ट आत असतं, आंबणं थोडं चालूच असतं आणि बिअरचा जीव त्यावर असतो. एकदा पिंप लावलं की हवा आत जाते आणि साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. चौथ्या दिवशी ती मवाळ पडते, मग आंबटाकडे झुकते. पुढचं सगळं या तीन दिवसांभोवती फिरतं.

वॉटनीज या लंडनच्या ब्रुअरीने तीन दिवसांची ही अडचण १९३०च्या दशकातच ओळखली होती. ईस्ट शीनच्या टेनिस क्लबात गर्दी फक्त शनिवार-रविवारी, मग आठवडाभर पिंप टिकणार कसं? त्यांनी बिअर गाळली, पाश्चराइझ केली आणि कार्बन डायॉक्साइडच्या दाबाखाली केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, भरली. रेड बॅरलचा जन्म तिथला. टेनिस क्लबापुरता तो उपाय योग्यच होता. चूक पुढे झाली, जेव्हा रोज दोनशे पाइंट खपवणाऱ्या पबातही तोच मेलेला माल लावला गेला. १९७१मध्ये तिचं नाव नुसतं ‘रेड’ करून वॉटनीजने मोठी जाहिरात मोहीम काढली. त्याच वर्षी कामरा ही पिंपातल्या एलसाठीची ग्राहक चळवळ उभी राहिली. पुढे कामराच्या पुढाकाराने एक गुंतवणूक कंपनी निघाली आणि तिने चक्क स्वतःचे पब चालवले. म्हणजे साखळीला साखळीनेच उत्तर. साखळी या कल्पनेत मुळात खोट नाही, याचा मला यापेक्षा चांगला पुरावा नको.

आणि मग फर्किन. डेव्हिड ब्रूस यांनी १९७९मध्ये लंडनच्या सदर्क भागात, बरो रोडवर ‘गूस अँड फर्किन’ उघडला आणि त्याच्या तळघरात बिअर बनवायला सुरुवात केली. त्या काळात स्वतःची बिअर स्वतः बनवणारे पब देशभरात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पाठोपाठ लुइशममध्ये ‘फॉक्स अँड फर्किन’, मग ‘फ्रॉग’, ‘फेझंट’, ‘फेरेट’. आगीत जळालेल्या डेन्मार्क हिल रेल्वे स्टेशनच्या डागडुजी केलेल्या इमारतीत ‘फीनिक्स अँड फर्किन’. राखेतून उठलेला पक्षी म्हणून ते नाव, आणि फर्किन हा शब्द एका इंग्रजी शिवीच्या इतका जवळचा की टी-शर्टवरच्या कोट्या आपोआप सुचायच्या.

पण कोट्या दुय्यम. खरी गंमत तळघरात होती. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६५-६६ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास भिजवायचं, त्यातला गोड द्राव काढून हॉप्स ही कडवट फुलं घालून तेवढाच वेळ उकळायचा, वीस अंशांपर्यंत झटपट गार करायचा, यीस्ट घालायचं, चार-पाच दिवस आंबू द्यायचं आणि पिंपात भरायचं. उकळत्या माल्टचा वास जिन्याने वर बारमध्ये येतो, याहून चांगली जाहिरात नाही. धोकाही तिथेच. उकळण्याच्या दिवशी तळघर तापतं, आणि शेजारीच विक्रीची पिंपं ठेवली असतील तर ती बिघडतात. म्हणून त्यांना वेगळी थंड खोली हवीच. भिजलेल्या माल्टचा चोथा त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे, उन्हाळ्यात तो रात्रीतून आंबतो. गार करताना रेंगाळलात तर हवेतले जंतू यीस्टच्या आधी घरोबा करतात. इतकी कटकट असूनही हे परवडायचं, कारण बिअर जिन्याच्या खालून वर जायची: मधला व्यापारी नाही, ट्रक नाही. त्यांची ‘डॉगबोल्टर’ सहा टक्क्यांच्या आसपासची, गडद आणि भारदस्त. अशी बिअर घोट घोट प्यायची असते.

पिंप लावण्याची रीत इथेच नोंदवतो, कारण सगळी नोस्टॅल्जिया शेवटी या कामावर उभी आहे. पिंप घोडीवर आडवं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचरी लावून, तसूभरही हलणार नाही असं. तळघर ११ ते १३ अंश. वरच्या बुचात आधी मऊ खुंटी ठोकायची, म्हणजे आतला जादा वायू हळूहळू निघतो. फेस थांबला की ती काढून कडक खुंटी. मग बिअर निवळू द्यायची, गाळ खाली बसला पाहिजे. विक्रीच्या आदल्या दिवशी तोटी एका ठोक्यात बसवायची. दोन-तीनदा ठोकलीत तर बूच चिरतं आणि पिंप गळतं. विक्री चालू असताना खुंटी सैल हवी, नाहीतर आत पोकळी होऊन बारवरचा हातपंप जड चालतो आणि गाळ ओढला जातो. रात्री दुकान बंद करताना कडक खुंटी परत. ती विसरली की सकाळी बिअर मिळमिळीत. पिंप एक-तृतीयांश ते निम्मं रिकामं झालं की मागची बाजू अलगद उचलायची, तीही ग्लास भरत असताना, नंतर नाही. नळ्या आठवड्यातून एकदा धुवायच्या.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट. बिअर निवळावी म्हणून त्यात परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घालतात. तो गाळाबरोबर खाली बसतो, तरी बिअर काटेकोरपणे शाकाहारी राहत नाही. आता बऱ्याच ब्रुअरी तो न घालता बिअर देतात, बारवर सरळ विचारावं.

रविवार, रात्री

सकाळचा हिशेब पुढे नेतो. एका फर्किनात ७२ पाइंट, तळाचा गाळ सोडला तर विकता येतात ६८ ते ७०. तीन दिवसांत संपवायचे म्हणजे एका पंपावर रोज साधारण २३ पाइंट. सहा पंप असतील तर रोज १४०च्या आसपास, फक्त पिंपातल्या बिअरचे. बारा असतील तर पावणेतीनशे.

व्हिटब्रेडच्या ‘हॉग्सहेड’ साखळीचं काय झालं ते या आकड्यांत दिसतं. कल्पना मला मनापासून आवडायची. लाकडी जमीन, बारवर पंपांची रांग, काही पिंपं ग्राहकाला दिसतील अशी मागे मांडलेली. गर्दीच्या शहरात, शुक्रवारी संध्याकाळी, ते स्वर्ग होतं. पण तीच रांग शांत गावात लावली की मंगळवारी बारापैकी सात बिअर शिळ्या. मॅनेजर पगारी. वरून नुकसानीचा आकडा विचारला जातो, त्यामुळे चौथ्या दिवसाचं पिंप तो ओतून देत नाही, विकतो. एकदा आंबट पाइंट मिळालेला माणूस दुसऱ्यांदा लागर, म्हणजे केगमधली थंड फिकट बिअर, मागतो. मग एलचा खप आणखी घटतो आणि पिंप आणखी रेंगाळतं. अशा पबात चार पंप ठेवले असते तर बिअर ताजी राहिली असती.

वेदरस्पूनचं यश मी याच गणिताने समजून घेतो. टिम मार्टिन यांनी पहिला पब १९७९मध्ये उत्तर लंडनच्या मझवेल हिलमध्ये उघडला. चांगले पब ब्रुअरींच्या ताब्यात, म्हणून रिकामी दुकानं घेतली, पुढे बँका आणि सिनेमागृहं. संगीत नाही, भाव कमी. भाव कमी म्हणून खप जास्त, खप जास्त म्हणून पिंप तीन दिवसांत रिकामं. इमारतीचा जुना छत-खांबांचा थाट राखला ही त्यांची दुसरी चांगली सवय.

बास या ब्रुअरीने १९९४मध्ये काढलेल्या ‘ऑल बार वन’बद्दल थोडंच. मोठ्या स्वच्छ काचा, बाहेरून आतलं सगळं दिसतं. जुन्या पबांच्या नक्षीदार धुरकट काचांमुळे एकट्या बाईला आत काय चाललंय ते कळायचं नाही. या एका बदलाने बायका निर्धास्तपणे आत येऊ लागल्या. बिअर सामान्यच होती, पण काचेचा तो निर्णय मोठा होता.

मग हे सगळं मोडलं कशाने? १९८९मध्ये सरकारने बिअर ऑर्डर्स काढल्या. हेतू चांगला होता: सहा मोठ्या ब्रुअरींची पकड सैल करायची, कारण त्यांच्या पबांना त्यांचीच बिअर घ्यायचं बंधन असे. २००० पेक्षा जास्त पब असतील तर जादा पबांपैकी निम्मे नोव्हेंबर १९९२पर्यंत बंधनमुक्त करा, आणि भाडेकरू चालकाला बाहेरची एक पिंपातली बिअर घेऊ द्या. पण मर्यादा फक्त ब्रुअरींना होती. ज्याची ब्रुअरीच नाही त्याने कितीही पब घ्यावेत. ब्रुअरींनी पब विकले आणि ते घेतले पबच्या मालमत्तेचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी, एंटरप्राइझ आणि पंच यांच्यासारख्या. त्यांनी भाड्याच्या उत्पन्नावर प्रचंड कर्जं उचलली. बिअर ब्रुअरीकडून सवलतीत घ्यायची आणि बांधलेल्या चालकाला चढ्या भावाने द्यायची. कर्जाचा हप्ता दर तिमाहीला ठरलेला, तळघरातलं पिंप निवळायला मात्र तेवढेच दिवस लागतात.

फर्किन त्याच लाटेत गेलं. ब्रूस यांनी साखळी १९८८मध्ये विकली, पुढे ती अलाइड या मोठ्या ब्रुअरी-कंपनीकडे आली. अलाइडने पाट्या भराभर वाढवल्या, पण बहुतेक नव्या शाखांच्या तळघरात ब्रुअरी नव्हती. बिअर दुसऱ्या फर्किनमधून यायची. १९९९मध्ये अलाइडचे पब पंचकडे गेले आणि त्याच वर्षी फर्किनमधलं बिअर बनवणं थांबलं. हॉग्सहेडही २००१मध्ये व्हिटब्रेडने विकलेल्या पबांबरोबर गेलं आणि विरलं.

डेन्मार्क हिल स्टेशनच्या इमारतीत अजून पब आहे, नाव नुसतं ‘द फीनिक्स’. लुइशममधल्या पबाच्या पाटीवर मात्र ‘फर्किन’ अजून आहे. तिथे आता गाण्या-वाजवण्याचे कार्यक्रम होतात.