चा-चा-चाचा एक चा जास्त

परवा क्लासमध्ये एका नवीन मुलीने मला विचारलं, "साल्सा नक्की कुठला गं, स्पेनचा का?" आणि चार वर्षं नाचून झाल्यावरही माझ्या तोंडून "हो बहुतेक" निघणारच होतं, तेवढ्यात जीभ चावली. नाही म्हटलं, आणि मग पुढचं काही मला धड एका वाक्यात सांगता येईना, तेवढ्यात गाणं लागलं आणि विषय तिथेच राहिला. म्हणून आता निवांत लिहितेय.

तर साल्साचं मूळ क्युबाच्या सोनमध्ये आहे. सोन म्हणजे क्युबाच्या पूर्वेकडचं संगीत, स्पॅनिश लोकांची गिटार आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल एकत्र येऊन झालेलं. त्याचा पुढचा भाऊबंद मांबो न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये 1950 च्या दशकात तुफान चालला. मग 1959 ला क्युबात क्रांती झाली, अमेरिकेशी संबंध तुटले, तिकडून बँड येणं बंद पडलं, पण न्यूयॉर्कमध्ये राहणारी प्वेर्तो रिकोची मंडळी थोडीच थांबणार होती, त्यांनी तेच संगीत उचललं आणि त्यात जॅझ घातला, आपल्या गल्लीतली भाषा घातली. 1964 मध्ये जॉनी पाचेको (हा मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा) आणि जेरी मासुची नावाचा वकील यांनी फानिया रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि या सगळ्या मिसळीवर साल्सा असं लेबल चिकटलं. साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस, बस्स. 1973 ला फानियाच्या कलाकारांच्या कार्यक्रमाला न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम भरलं, आणि नाव हळूहळू जगभर पोचलं. मांबोचा बडा वादक टिटो प्वेन्ते, त्याला मात्र हे नाव कधी फारसं पटलं नाही, तो म्हणायचा मी मांबोच वाजवतो.

आता माझी लाज सांगते. पहिलं वर्षभर मी फक्त वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन एवढंच मोजत नाचले, क्लावे नावाची गोष्ट कानावर पडलीच नव्हती. क्लावे म्हणजे दोन छोट्या लाकडी दांड्या, आणि त्यांच्यावर वाजणारा पाच ठोक्यांचा ठेकाही तोच. आठ मात्रा मोजा आणि टाळी द्या एकवर, मग दोन आणि तीनच्या बरोब्बर मध्ये, मग चारवर, आणि पुढे सहा आणि सात. तीन टाळ्या आधी, दोन नंतर. तो दोन-तीनच्या मधला ठोका एकदा कानाला सापडला की गाणं आतून उलगडतं, पण पाय लगेच ऐकतीलच असं नाही, माझे तर अजून ऑन टू म्हटलं की गोंधळतात. (ऑन वन म्हणजे दिशा बदलायची ती पहिल्या मात्रेवर, ऑन टू म्हणजे दुसऱ्यावर. न्यूयॉर्कमध्ये एडी टोरेसने ऑन टू शिकवून शिकवून रुजवलं. कुठलं खरं यावर लोक तासन्‌तास भांडतात, त्यात पडू नका.)

क्युबात याला साल्सा कमी, कासिनो जास्त म्हणतात, तिथे सरळ रेषेत न नाचता जोडी एकमेकांभोवती फिरत राहते, आणि रुएदा म्हणजे सगळ्या जोड्या गोलात, एकजण ओरडून स्टेप सांगणार आणि सगळ्यांचे पार्टनर धडाधड बदलणार. चुकलात की अख्खा गोल तुमच्यावर आदळतो, अनुभव आहे.

पण मला सगळ्यात आवडतो तो कोलंबियातल्या काली शहराचा किस्सा. तिथे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड्स यायच्या, त्या मिनिटाला 33 फेऱ्यांच्या स्पीडच्या, आणि लोकांना त्या संथ वाटायच्या म्हणून 45 वर लावायचे! गाणं पळायला लागलं, मग पाय पण पळायला लागले. कालीचे डान्सर कमरेच्या खाली जे काही करतात ते बघून मला तर नुसती धाप लागते.

आणि याच्या बरोब्बर उलटी गोष्ट चा-चा-चाची. (याला षष्ठी लावली की एक चा जास्तच पडतो, इलाज नाही.) हवानामध्ये एनरिके होरिन नावाचा व्हायोलिन वादक होता, ओर्केस्ता अमेरिका या बँडमध्ये. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात आलं की मांबोच्या आडवळणी ठेक्यावर लोकांचे पाय अडकतायत. तर या माणसाने नाचणाऱ्यांना नावं ठेवायच्या ऐवजी चाल सोपी केली, जोर पहिल्या मात्रेवर आणला. मग लोक मधल्या जागेत तीन छोटी पावलं टाकायला लागले, आणि बूट जमिनीला घासून जो आवाज यायचा तेच नाव पडलं असं सांगतात. मला हे वाचून इतकं बरं वाटलं ना, म्हणजे ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यामुळे एक अख्खा डान्स झाला.

बॉलरूम डान्सच्या स्पर्धांमधल्या लॅटिन गटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पाच डान्स असतात, सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. त्यातला पासो डोब्ले स्पेनच्या बैलझुंजीवरचा, जाइव्ह उत्तर अमेरिकेच्या स्विंगमधला, आणि अस्सल बुएनोस आयरेस-मॉन्टेव्हिडिओच्या बंदरावर वाढलेला टँगो मात्र दुसऱ्याच गटात, वॉल्ट्झच्या पंगतीला! रुंबाचं तर विचारूच नका. क्युबाच्या खऱ्या रुंबात, त्यातल्या ग्वाग्वांको या प्रकारात, ढोल असतात, जोडी एकमेकांना धरतसुद्धा नाही, तो अचानक कंबरेचा किंवा हाताचा झटका देतो आणि ती घागऱ्याच्या टोकाने स्वतःला झाकून त्याला चुकवते, सगळी मजा त्या चुकवण्यात. बॉलरूममधली ती संथ प्रेमळ रुंबा आली बोलेरो (क्युबाची संथ प्रेमगीतं) आणि सोनवरून. नाव तेवढं उचललं.

राहिली बाचाता, डॉमिनिकन रिपब्लिकची गाणी आणि त्यावरचा नाच. तिथे हुकूमशहा त्रुहियोला मेरेंगे हे तिथलंच नाचाचं संगीत आवडायचं म्हणून सगळीकडे मेरेंगे. 1961 ला त्याला मारलं आणि 1962 ला होसे मानुएल काल्देरोनने पहिली बाचाता रेकॉर्ड केली. पण ती दारूच्या अड्ड्यांवरची रडकी गाणी म्हणून चांगल्या घरात वाजायची नाहीत, बहुतेक रेडिओ लावायचे नाहीत, रेडिओ ग्वाराचितासारखं एखादंच स्टेशन लावायचं. 1990 मध्ये हुआन लुइस गेर्राच्या अल्बमनंतर वारं फिरलं, आणि 2019 ला तर बाचाता युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. स्टेप म्हणाल तर तीन पावलं बाजूला आणि चौथ्यावर नुसता पाय टेकवून कंबर उचलायची. वजन टाकायचं नाही त्या पायावर. मी पहिले दोन महिने टाकत होते आणि दर वेळी समोरच्याच्या बुटावर.

त्या मुलीला पुढच्या क्लासला एवढंच सांगणार आहे, स्पेनचा नाही गं. बाकीचं ब्रेकमध्ये.