ट्रॅव्हलरमधली ट्युब्युलर काढली, लिथियम टाकली, आणि चार्जिंगचं रामायण

आमच्या टेंपो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमधलं इन्व्हर्टर-बॅटरीचं काम एकदाचं संपलं आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, किती एएचची टाकली? मला आता या प्रश्नाचाच कंटाळा आलाय. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत वीज किती मावते तो आकडा. ते काय हो, पैसे टाकले की वाढतात. ती बॅटरी भरणार कशी, कुठून आणि किती वेळात, हे कोणी विचारतच नाही, आणि माझं सगळं डोकं, वेळ आणि निम्म्याहून जास्त पैसे गेलेत ते तिथंच. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी काय होतं ते सांगतो. बॉडी बांधून घेतली तेव्हा फॅब्रिकेटरनं मागच्या सीटखाली घरगुती इन्व्हर्टर बसवलेला, आपल्याकडे लोडशेडिंगला घरोघरी असतो तोच, आणि १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे लेड अॅसिडचीच. तेव्हा वाटलं मस्त, घरी दोन पंखे आणि टीव्ही चालतो तर गाडीत काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम असा की १५० एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू उपसायच्या हिशोबानं असतो, म्हणजे साडेसात अँपिअरनं. तिच्यावर इंडक्शन लावलं तर ती सव्वाशे-दीडशे अँपिअर एकदम मागते आणि व्होल्टेज धाडकन खाली येऊन इन्व्हर्टर बोंब मारायला लागतो, बॅटरी निम्मी भरलेली असली तरी. शिवाय लेड अॅसिड रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य भराभर संपतं. म्हणजे १५० गुणिले १२, १८०० वॅट-अवर, त्याचं निम्मं ९००. एक युनिटसुद्धा नाही!

आणि आमची गरज? १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसरात्रीत साधारण ६००, दोन पंखे रात्रभर ४८०, दिवे १००, लॅपटॉप-मोबाईल मिळून ३००, आणि सकाळचा चहा-पोहे, रात्रीचा भात-आमटी इंडक्शनवर म्हणजे ८०० तरी. मिक्सर आणि पाण्याचा पंप किरकोळ. सव्वादोन युनिट झालेच. बायको पहिल्यापासून म्हणत होती की गॅस ठेवू या, पण बंद गाडीत झोपायच्या जागेशेजारी सिलेंडर मला नको होता, त्यावर आमचं एकमत आजही नाहीये.

पण ट्युब्युलरचा खरा वैताग उपसण्यात नव्हता, भरण्यात होता. घरगुती इन्व्हर्टर चार्ज करतो फक्त २३० व्होल्टवरून, आणि तोही दहा-पंधरा अँपिअरनं. लेड अॅसिड ऐंशी टक्क्यांपर्यंत बरी भरते, पुढचे वीस टक्के म्हणजे खचाखच भरलेल्या पीएमटी बसमध्ये अजून माणसं कोंबणं, चार-पाच तास सहज जातात. गाडी चालताना चार्ज व्हावी म्हणून फॅब्रिकेटरनं इंजिनच्या पुढच्या बॅटरीकडून एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकून वायर आणलेली. ती वायर ६ स्क्वेअर एमएमची, लांबी आठेक मीटर. हिशोब केला तर ३० अँपिअरला नुसत्या त्या वायरीतच पाऊण व्होल्ट जातो. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) पुढं १४.२ देतोय, मागं पोचतायत साडेतेराच्या आत, आणि ट्युब्युलरला नीट भरायला हवेत १४.४. म्हणजे पुण्याहून दापोलीपर्यंत पाच-साडेपाच तास गाडी चालवायची आणि पोचल्यावर बॅटरी जवळपास निघताना होती तिथंच. सीटखालून अॅसिडचा वास यायचा तो वेगळाच. चार्ज होताना लेड अॅसिडमधून हायड्रोजन निघतो, त्यासाठी बाहेर नळी काढावी लागते, ती काढलेलीच नव्हती.

तर आता नवीन. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात. ३.२ व्होल्टचे २८० एएचचे चार सेल सिरीजमध्ये, म्हणजे १२.८ व्होल्ट आणि साडेतीन युनिटच्या थोडं वर. यातले नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात. एकेक सेल साडेपाच किलोच्या आसपास, पेटी-बिटी धरून तीसेक किलो, जुनी ट्युब्युलर याच्या दुप्पट होती. भोसरी एमआयडीसीत एक जण पॅक बांधून देतो त्याच्याकडून घेतला. स्वतः बांधणारे खूप आहेत, व्हिडिओ बघून चार सेल जोडणं अवघड नाही, पण घाटात आणि खड्ड्यांत हादरे खाणारा पॅक वेगळा बांधावा लागतो, सेल फ्रेममध्ये दाबून घट्ट बसवायचे, मध्ये इपॉक्सी शीट घालायची, सेल जोडायच्या पट्ट्या कडक न वापरता विणलेल्या तांब्याच्या लवचिक वापरायच्या, नाहीतर हादऱ्यानं सगळा ताण टर्मिनलवर येतो. पैसे देण्याआधी मी तिथंच ५६ अँपिअरवर डिस्चार्ज टेस्ट लावायला सांगितली, पाच तास चहा पीत बसलो, २८० च्या थोडं वरच भरलं. विकणारा ही टेस्ट करून द्यायला का-कू करत असेल तर सरळ उठून यायचं.

आता मुद्द्याचं. लिथियम बॅटरी पुढच्या बॅटरीला नुसत्या रिलेनं जोडली तर काय होतं? तिचा आतला विरोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देऊ शकेल तेवढा सगळा करंट ती ओढते, न थांबता. अल्टरनेटर गार होतो तो इंजिनच्या फेऱ्यांवर फिरणाऱ्या त्याच्याच पंख्यानं, म्हणजे पुण्याच्या चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलवर उभी असताना करंट फुल आणि हवा नाही, वाइंडिंग तापून जळतं. दुसरं म्हणजे बॅटरी भरली की बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) एका झटक्यात कनेक्शन तोडतो, आणि करंट जोरात चालू असताना लोड असा अचानक सुटला की व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. म्हणून मध्ये डीसी टू डीसी चार्जर हवाच. मी व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन घेतला, १२/१२-३०, म्हणजे ३० अँपिअर. पुढून काय व्होल्टेज येतंय त्याच्याशी देणंघेणं नाही, मागं तो बरोबर १४.२ देतो आणि इंजिन बंद झालं की आपोआप थांबतो. पुढची बॅटरी कधी उतरत नाही, सकाळी सेल्फ मारायची चिंता नाही. वायर बदलून १६ स्क्वेअर टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज. दापोलीपर्यंत पाच तास म्हणजे १५० एएच, अर्ध्याहून जास्त बॅटरी नुसती चालवून भरली. एवढा एकच बदल करायला मिळाला असता तर मी हाच केला असता. फक्त हे ओरायन तापतं बरंका, बंद कप्प्यात कोंबलं तर ते स्वतःच करंट कमी करतं, त्याला हवा लागते. आणि ३० चं घ्यायचं की दोन लावून ६० करायचं हे आपल्या अल्टरनेटरची प्लेट बघून ठरवा, त्याच्या रेटिंगच्या निम्म्याच्या आत राहावं असं माझं मत.

इन्व्हर्टर पण व्हिक्ट्रॉनचाच, मल्टिप्लस, १२/२०००/८०. महाग आहे, खोटं नाही बोलणार. आणि २००० वाचून हुरळून जाऊ नका, ते व्हीए आहेत, वॅटमध्ये १६०० आणि तेही २५ डिग्रीला, गाडी तापली की अजून उतरतं. आम्ही इंडक्शन १२०० च्या वर नेत नाही, भात दोन मिनिटं उशिरा होतो एवढंच. मग हाच का? तर त्यात एक सोय आहे जिच्यासाठी पैसे दिले: बाहेरून किती अँपिअर घ्यायचे ते आपण ठरवायचं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते चांगलंच, पण आमच्यासारख्यांचा कोकणातला मुक्काम आजही होतो तो कोणाच्या तरी होमस्टेच्या अंगणात, आणि वीज मिळते ती व्हरांड्यातल्या एखाद्या जुनाट सॉकेटमधून. एका ठिकाणी मी वायर काढलेली बघूनच काकू म्हणाल्या, "दादा, मागच्या वेळी एक गाडी आली होती ना, त्यांनी काय लावलं कोण जाणे, आमच्या अख्ख्या घरची लाईट गेली." मी मोबाईलवर लिमिट ४ अँपिअर केली. म्हणजे त्यांच्याकडून साधारण ९०० वॅटच्या पुढं काही जाणार नाही, आमचा लोड वाढला तर वरचं बॅटरीतून येतं, लोड कमी झाला की उरलेल्यात बॅटरी चार्ज. रात्री काकूंचा टीव्ही चालू, आमचं इंडक्शन चालू, कोणाचं काही उडालं नाही. जाताना त्यांना विजेचे वेगळे पैसे दिले ते नको नको म्हणत घेतले.

जोडणीच्या वेळी माझे सासरे येऊन बसले होते. वीज मंडळात वायरमन म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे लिथियम वगैरे त्यांना नवीन असलं तरी २३० व्होल्टच्या बाबतीत कोणावर विश्वास नाही. मी जुना इन्व्हर्टर काढायच्या आधी त्यांनी खिशातून टेस्टर काढून गाडीतल्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत घातला, दोन्हीकडे दिवा लागला. "जावईबापू, न्यूट्रल कुठाय यात?" नव्हतंच. घरगुती इन्व्हर्टरला घरचं न्यूट्रल आणि अर्थिंग मिळतं, गाडीत चाकं रबराची, न्यूट्रल अधांतरी. अशा वेळी आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडते ती) लावली असली तरी पहिल्या फॉल्टला ती पडत नाही, कारण करंटला परत जायला रस्ताच नसतो. मल्टिप्लसमध्ये यासाठी आत रिले असतो, बाहेरची वीज नसेल तेव्हा तो न्यूट्रल चासीला जोडतो, आणि बाहेरून लाईन आली की सोडून देतो कारण तेव्हा बाहेरचं अर्थिंग असतं. सगळं झाल्यावर मी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, खटकन पडली, मी खूश. सासरे म्हणाले, "नुसतं ते बटण दाबून काय कळतंय? ते तिच्या आतल्या आतच असतं." मग त्यांनी १५ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये लावून एक वायर फेजला आणि दुसरी चासीला टेकवली. १५ वॅटचा बल्ब म्हणजे ६५ मिलिअँपिअर, आरसीसीबी ३० ची. बल्ब नीट पेटायच्या आतच पडली. तेव्हा कुठं ते चहा प्यायला आत आले. (हे तुम्ही घरी करू नका, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण करून घ्याच.)

बॅटरी ते इन्व्हर्टर केबल ७० स्क्वेअरची, दीड मीटरच्या आत. पुण्यात तापकीर गल्लीत केबल मिळते, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे ते) मिळतात, पण हातोडीनं ठोकून लग बसवणारेही तिथंच भेटतात. हायड्रॉलिक क्रिम्पर असलेल्याकडेच जा आणि एक लग जास्तीचा दाबून घेऊन हॅकसॉनं मधोमध कापून बघा, आत तांबं सलग दिसलं पाहिजे, तारा मोकळ्या दिसल्या तर तो सांधा दीडशे अँपिअरला तापणार. बॅटरीच्या प्लसला लगेच क्लास टी फ्यूज. लिथियम शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर सोडते, साधा स्टीरिओचा फ्यूज तिथं वितळूनही मधून ठिणगी चालू ठेवतो. आणि पहिल्यांदा केबल जोडताना इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असतात, थेट टेकवलं तर केवढी तरी ठिणगी पडते आणि बीएमएस शॉर्ट समजून बंद होतो. आधी टेललॅम्पचा बल्ब मध्ये धरायचा, तो पेटून हळूहळू विझला की मग केबल आवळायची.

सोलर थोडक्यात. वर ५४० वॅटचा एकच पॅनल, १००/५० चा एमपीपीटी, म्हणजे पॅनलकडून जास्तीत जास्त १०० व्होल्ट घेणारा आणि बॅटरीला ५० अँपिअर देणारा चार्ज कंट्रोलर. दोन का नाही? असा पॅनल ओपन सर्किटला, म्हणजे काही लोड नसताना, ४९-५० व्होल्ट देतो, दोन सिरीजमध्ये लावले तर शंभराला भिडतात, आणि थंडीत सकाळी व्होल्टेज अजून वाढतं, कंट्रोलर गेलाच. आणि पॅरलल लावून तरी काय, १२ व्होल्टला हा कंट्रोलर ७०० वॅटच्या वर देतच नाही. स्वच्छ उन्हात आडव्या पॅनलकडून दिवसाला दोन-अडीच युनिट मिळतात, म्हणजे आमचा दिवसाचा खर्च निघतो. पावसाळ्यात कोकणात मात्र सोलर विसरा. आणि एरवी रोजचं भांडण ठरलेलं, गाडी आंब्याखाली लावायची की पॅनलला ऊन द्यायचं. पोरं आंब्याच्या बाजूनं.

बॅटरी किती उरली हे व्होल्टेजवरून बघायची सवय सोडावी लागली. एलएफपी ऐंशी टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळपास सारखंच व्होल्टेज दाखवते आणि शेवटी एकदम झोपते. मायनसमध्ये शंट लावून आत-बाहेर गेलेला करंट मोजावा लागतो, तो आकडा मोबाईलवर येतो.

राहिला एसी. सगळ्यांना वाटतं एवढं केलं म्हणजे रात्रभर एसी. छोटा इन्व्हर्टर एसी सरासरी ५०० वॅट धरला तरी आठ तासांचे चार युनिट, बॅटरी एकूण साडेतीनची, आणि त्यात फ्रिज आहेच. त्यासाठी अजून एक पॅक टाका म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, तो दुसरा पॅक भरणार कोण? प्लग मिळाला तर ४ अँपिअरच्या लिमिटवर एसी आरामात चालतो, बॅटरी फक्त सुरुवातीला हातभार लावते. त्यामुळे मे महिन्यात निघालो तर मुक्काम प्लग असलेल्या ठिकाणीच, आणि डिसेंबरात कुठंही.